कळ दाबली की एडिटरपर्यंत काय पोहोचते?

दूरच्या सर्व्हरवरची एखादी सेटिंगची फाइल दुरुस्त करायची असते, टर्मिनलमध्ये, म्हणजे फक्त अक्षरांवर चालणाऱ्या खिडकीत, एडिटर (मजकूर दुरुस्त करण्याचा प्रोग्राम) उघडलेला असतो, आणि इतर सगळीकडच्या सवयीने माणूस फाइल जतन करायला कंट्रोल-एस दाबतो. अनेक टर्मिनलांवर त्या क्षणी पडदा जागच्या जागी थिजतो. पुढे काहीही टंकले तरी अक्षर उमटत नाही, आणि संगणक अडकला असे समजून नवखा माणूस खिडकीच बंद करून टाकतो. त्याने कंट्रोल-क्यू दाबले असते, तर पडदा पुन्हा हलू लागला असता आणि मधल्या वेळात दाबलेल्या कळांचा परिणामही एका झटक्यात दिसला असता. बिघाड कुठेच झालेला नसतो. कंट्रोल-एस ही ‘पाठवणे थांबवा’ अशी टेलिप्रिंटरच्या, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या, काळापासूनची खूण आहे आणि टर्मिनल ती आजही इमानाने पाळते.

टर्मिनलमधल्या एडिटरांच्या आज्ञा विक्षिप्त वाटतात, त्यामागे बहुतेक वेळा असेच काहीतरी कारण असते. खिडक्या आणि माउस असलेल्या नेहमीच्या प्रोग्रामला कोणती कळ खाली गेली, कोणती सुटली, सोबत शिफ्ट धरलेले होते का, हे सगळे ऑपरेटिंग सिस्टिम तपशिलाने कळवत असते. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्याकडे फक्त अंकांची रांग येते, एकामागून एक बाइट, आणि त्या अंकांवरून कोणती कळ दाबली गेली असावी याचा अंदाज त्याने बांधायचा असतो.

हे अंक ठरले ते आस्की या संकेतप्रणालीत, जिची पहिली आवृत्ती 1963 मध्ये प्रसिद्ध झाली. सात बिटांच्या, म्हणजे सात शून्य-एकांच्या, या प्रणालीत 128 जागा होत्या आणि त्यातल्या पहिल्या 32 जागा अक्षरांना न देता यंत्राला हुकूम सोडण्यासाठी राखून ठेवल्या होत्या. 7 हा अंक गेला की टेलिप्रिंटरवर घंटा वाजे, 8 ने एक घर मागे सरकत असे, 9 हा टॅब, 10 म्हणजे कागद एक ओळ वर, 13 म्हणजे छपाईची गाडी ओळीच्या सुरुवातीला, आणि 27 म्हणजे एस्केप. या जागांपर्यंत पोहोचण्यासाठी कंट्रोल ही कळ होती आणि तिचे काम अगदी साधे होते: दाबलेल्या अक्षराच्या सात बिटांपैकी वरचे दोन शून्य करायचे. मोठ्या लिपीतल्या एसचा अंक 83, म्हणजे द्विमान पद्धतीत 1010011. त्यातले वरचे दोन बिट पुसले की 0010011 उरते, म्हणजे 19. आणि 19 हाच तो ‘थांबवा’ असा हुकूम. त्याच हिशोबाने कंट्रोल-क्यू 17 होतो, म्हणजे ‘चालू करा’.

हा हिशोब एकदा कळला की बऱ्याच कोड्यांची उकल आपोआप होते. कंट्रोल-आय आणि टॅब या दोन्हींचा अंक 9, कंट्रोल-एम आणि एंटर या दोन्हींचा 13, तर कंट्रोलबरोबर डावा चौकोनी कंस दाबला की 27, म्हणजे थेट एस्केप. या जोड्यांना वेगवेगळी कामे द्यायची म्हटली तरी पारंपरिक टर्मिनलमध्ये देता येत नाहीत, कारण एडिटरपर्यंत येताना त्यांच्यात फरकच उरलेला नसतो. कंट्रोल-एस आणि कंट्रोल-शिफ्ट-एस यांचेही तेच. ईमॅक्स या एडिटरमध्ये कंट्रोल-एच दाबल्यावर मदत उघडते. त्यामुळे ज्या टर्मिनलांची बॅकस्पेस कळ 8 हा अंक पाठवत असे, तिथे चुकलेले अक्षर खोडायला जावे तर मदतीचे पान समोर येई. अलीकडे काही टर्मिनलांनी कळेची पूर्ण माहिती पाठवणाऱ्या नव्या पद्धती आणल्या आहेत, पण त्या सर्वत्र असतील असे गृहीत धरता येत नाही.

बाणांच्या कळांची तऱ्हा आणखी निराळी. आस्कीत त्यांच्यासाठी जागाच नव्हती, म्हणून त्या एका अंकाऐवजी अंकांची माळ पाठवतात. 1978 मध्ये आलेल्या व्हीटी100 या टर्मिनलची पद्धत आजही चालते: वरच्या बाणासाठी 27, 91 आणि 65, म्हणजे एस्केप, डावा चौकोनी कंस आणि मोठा ए. आता अडचण अशी, की एडिटरकडे 27 आला तेव्हा माणसाने नुसते एस्केप दाबले आहे की बाणाच्या माळेची ही सुरुवात आहे, हे त्या अंकावरून ठरवता येत नाही. म्हणून तो क्षणभर थांबतो आणि पाठोपाठ दुसरा अंक येतो का ते पाहतो. व्हिम या एडिटरच्या हल्लीच्या आवृत्त्यांसोबत येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये ही वाट पाहण्याची मुदत 100 मिलिसेकंद ठेवलेली आहे. तार फार संथ असेल किंवा टर्मिनलची ओळख चुकीची दिलेली असेल, तर बाण दाबल्यावर मजकुरात ए, बी अशी अक्षरे उमटतात, ती या फुटलेल्या माळेची शेपटे असतात.

ज्या व्हीआय या जुन्या एडिटरमधून पुढे व्हिम घडले, ते लिहिले गेले ते याहून कितीतरी संथ तारेवर. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास हे काम हाती घेतले, तेव्हा 300 बॉडच्या मोडेमवरूनही ते वापरता यावे ही त्यांची अट होती. तो वेग म्हणजे सेकंदाला साधारण 30 अक्षरे. 24 ओळी आणि प्रत्येकी 80 घरे असा 1,920 घरांचा पूर्ण पडदा नव्याने भरायचा, तर मिनिटभराहून अधिक वेळ जाणार. साहजिकच व्हीआयने दोन्ही दिशांना काटकसर केली. संथ जोडणीवर ते पडद्याच्या फक्त 8 ओळींपुरतेच काम करी, मध्यम वेगावर 16 ओळींपुरते. माणसाकडून येणाऱ्या आज्ञाही एकेका अक्षरात बसवल्या गेल्या. जॉय वापरत असलेल्या एडीएम-3ए टर्मिनलवर बाणांसाठी वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल याच कळांवर डावा, खालचा, वरचा आणि उजवा बाण छापलेले होते. तीच अक्षरे कर्सर हलवण्यासाठी व्हीआयने उचलली. शिवाय त्या कीबोर्डवर एस्केप कळ आजच्या टॅबच्या जागी, करंगळीच्या टप्प्यात होती. आज ती कोपऱ्यात गेली आहे आणि व्हिम वापरणाऱ्यांची करंगळी त्याची किंमत मोजते.

पण साधी अक्षरेच आज्ञा झाली, तर मजकूर कसा टंकायचा? यावरचा तोडगा म्हणजे मोड. नॉर्मल मोडमध्ये प्रत्येक अक्षर ही आज्ञा. आय दाबून इन्सर्ट मोडमध्ये गेले की प्रत्येक अक्षर मजकूर. एस्केप दाबले की परत आज्ञा. नवख्याला याचाच सर्वाधिक त्रास होतो, आणि तो रास्तही आहे. नॅनोसारखा एडिटर पडद्याच्या तळाशी आज्ञांची यादी दाखवतो, तिथे अक्षरापुढचे टोपीचिन्ह (^) म्हणजे कंट्रोल एवढे कळले की काम भागते. वर्षातून दोनदा एखादी ओळ बदलणाऱ्याने नॅनोच वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हीआयचे खरे बळ मात्र अक्षरे वाचवण्यात नसून त्यांच्या जोडणीत आहे. डी म्हणजे खोडा, सी म्हणजे खोडून नवे लिहा, वाय म्हणजे नक्कल घ्या. ही झाली क्रियापदे. डब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, डॉलरचे चिन्ह म्हणजे ओळीच्या अखेरपर्यंत. ही झाली व्याप्ती. डी-डब्ल्यूने शब्द जातो, डी-डॉलरने उरलेली ओळ. मध्ये 3 घातला की तीन शब्द. सेटिंगच्या फाइलीत अवतरणचिन्हांमध्ये लिहिलेला पत्ता बदलायचा असेल, तर व्हिममध्ये त्या अवतरणात कर्सर नेऊन सी, आय आणि अवतरणचिन्ह एवढे दाबले की आतला सगळा मजकूर पुसला जातो, चिन्हे जागेवर राहतात आणि लगेच नवा पत्ता टंकता येतो. मग पुढच्या ओळीवर असेच अवतरण असेल, तर तिथे जाऊन नुसते पूर्णविरामाचे टिंब दाबावे. मघाचा बदल नव्या मजकुरासकट पुन्हा घडतो. पाच क्रियापदे आणि दहा व्याप्ती शिकल्या, की पन्नास आज्ञा हाताशी येतात, त्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

मराठीत लिहिणाऱ्यापुढे मात्र एक खास पेच उभा राहतो. संगणकाचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीवर ठेवून व्हिम उघडले, तर एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त ही अक्षरे असतात. जे ही कळ दाबल्यावर एडिटरकडे येतात ते यूटीएफ-8 या, सर्व लिप्यांची अक्षरे अंकांत मांडणाऱ्या, पद्धतीतल्या र चे तीन बाइट: 224, 164, 176. ही जेची कळ होती, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही, म्हणून कर्सर ढिम्म हलत नाही. बाहेर पडण्यासाठी अपूर्णविराम आणि क्यू दाबायला जावे, तर त्या कळांवर छ आणि ौ बसलेले. एस्केप कितीही वेळा दाबले तरी सुटका होत नाही. आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणावा लागतो, आणि मोड बदलताना दर वेळी हा खटाटोप करायचा म्हणजे कंटाळवाणे काम.

व्हिममध्ये यावर कीमॅप नावाची सोय आहे. संगणकाचा कीबोर्ड कायम इंग्रजीवर ठेवायचा आणि भाषांतर एडिटरच्या आत करून घ्यायचे. त्यासाठीची फाइल स्वतःही लिहिता येते; प्रत्येक ओळीत डावीकडे कळेचे इंग्रजी अक्षर आणि उजवीकडे हवे ते देवनागरी. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल आणि टोपीचिन्ह दाबले की हा नकाशा चालू किंवा बंद होतो. तो नॉर्मल मोडमधल्या आज्ञांना हात लावत नाही, पण जिथे आज्ञेला पुढे एखादे अक्षर हवे असते, तिथे लागू होतो. त्यामुळे नकाशा चालू असताना नॉर्मल मोडमध्ये जे ही कळ दाबली तर कर्सर एक ओळ खाली उतरतो, आणि आधी एफ दाबून मग तीच कळ दाबली, तर तो त्याच ओळीतल्या पुढच्या र वर जाऊन थांबतो.