तळ्यात मासे आहेत, पण मरळीला खायला मासा नाही

सांगोला, पंढरपूर, मोहोळ या पट्ट्यात डाळिंब-द्राक्षांसाठी खोदलेल्या शेततळ्यांमध्ये बरेच जण रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात. हे मासे तळ्यात झकास वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. म्हणूनच १९५७ साली कटकला हिरालाल चौधरी यांनी पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातींचं प्रजनन घडवलं, तेव्हा देशातल्या मत्स्यशेतीचं चित्रच पालटलं. शेततळ्यात मात्र वर्षभरात बोटुकली हातभर होतात आणि मागून नवी पिल्लं येत नाहीत.

आता अशा तळ्यात एखादी मरळ, म्हणजे शिकारी मासा, असली तर? मरळ हवेतला प्राणवायू घेऊ शकते, त्यामुळे पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत ओढ्यातून तळ्यात येते. कधी कुणी मुद्दामही सोडतं. तिच्याभोवती मासेच मासे, पण एकही तिच्या तोंडात मावत नाही. शिकारी मासा भक्ष्य चावून तोडत बसत नाही, सहसा अख्खं गिळतो. त्यामुळे भक्ष्य केवढं घ्यायचं हे त्याच्या जबड्याच्या रुंदीवर ठरतं. अशा मरळीला गळाने पकडायचं तर आमिष कसलं लावायचं, हा खरा प्रश्न.

गळाचा शौक असलेल्या माणसाची पेटी उघडून बघा. बहुतेक नकली आमिषं चंदेरी, माशाच्या आकाराची. यातली पुष्कळशी घडण अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या माशासाठी झालेली आहे. तिथल्या तळ्यांत बासचं नेहमीचं खाणं म्हणजे ब्लूगिल नावाचा छोटा, चपटा मासा. ब्लूगिल नसलेल्या तळ्यात बास क्रेफिश (झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला जीव), बेडूक, चतुराच्या अळ्या आणि वेळप्रसंगी स्वतःच्याच जातीची पिल्लं खातो. अशा तळ्यातले बास बऱ्याचदा लांबीला खुंटलेले, डोकं मोठं नि अंग बारीक असे दिसतात. आपल्याकडच्या मरळीचा आहारही याच वळणाचा: मासे, बेडूक, त्यांची पिल्लं, किडे, झिंगे.

मग आमिष निवडायचं कसं? याचं उत्तर खुद्द ब्लूगिलवर झालेल्या एका जुन्या प्रयोगात सापडतं. १९७४ साली अर्ल वर्नर आणि डोनाल्ड हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी या माशांपुढे लहान-मोठ्या पाणपिसवा (डॅफ्निया, पाण्यातले बारीक जीव) ठेवल्या. पिसवा भरपूर होत्या तेव्हा मासे फक्त मोठ्या वेचून खात. पिसवा कमी केल्यावर जी समोर येईल ती खाऊ लागले. पंगतीत बसलेला माणूस भात सारून जिलबीकडे हात नेतो, भुकेला माणूस शिळी कडक भाकरीही सोडत नाही, तसंच हे. प्रत्येक घासामागे किती ताकद खर्चायची आणि किती परत मिळायची, याचा हिशेब माशाच्या वागण्यातच मुरलेला असतो.

उपाशी तळ्यातला मासा काहीही गिळेल, असा याचा अर्थ मात्र मी काढणार नाही. तो चोखंदळ राहत नाही इतकंच; खर्चाचा हिशेब उलट आणखी कडक होतो. वेगाने पळणाऱ्या चंदेरी आमिषामागे लांबवर धावणं त्याला परवडत नाही. हळू सरकणारं, तळाशी थबकत जाणारं, दोन-तीन इंचांचं मऊ आमिष अशा पाण्यात जास्त पटण्याजोगं. रबरी गांडूळ किंवा चतुराच्या अळीच्या घाटाचा छोटा जिग (जड डोक्याचा गळ) उत्तम. काठाला गवत-पाणवनस्पती असेल तर रबरी बेडूक, तोही ओढत राहायचा नाही. दोन झटके, मग थांबा.

आधी काठावर बसून नुसतं पाहावं, हे माझं ठाम मत. मातीच्या तळ्यात बेडूक असतात, खेकडे असतात, संध्याकाळी चतुर पाण्याला शेपटी टेकवून अंडी घालताना दिसतात. प्लॅस्टिकच्या कागदाचं अस्तर असलेल्या तळ्यात काठाला वनस्पती जवळपास नसतेच, त्यामुळे लपायला जागा कमी आणि भक्ष्यही कमी. तिथे वरून पडणारे नाकतोडे, किडे यांना महत्त्व येतं. (असं अस्तर भयंकर निसरडं असतं. उतारावर पाय ठेवू नका, एकट्याने तर नाहीच.) डासांसाठी कुणी गप्पी मासे सोडले असतील तर सगळं गणित बदलतं, मग छोटं चंदेरी आमिषही चालेल.

रंगाबद्दल दुकानात जितकं बोललं जातं तितकं माशाला दिसत नसावं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी बासची रंगदृष्टी तपासली. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या, एक हिरव्याला आणि एक लालला जास्त प्रतिसाद देणारी. लाल-हिरवा त्याला चांगले ओळखता आले, पण पोपटी-पिवळा नि पांढरा, तसंच निळा नि काळा यांत तो गोंधळला. मरळीचे डोळे हुबेहूब तसेच असतील असं धरून चालू नये. पण भौतिकशास्त्र दोघांना सारखंच आहे: पृष्ठभागावरचं आमिष खालून आभाळाच्या उजेडासमोर दिसतं, म्हणजे रंगापेक्षा काळी आकृतीच ठळक. गढूळ पाण्यात काळा रबरी बेडूक चालतो तो यामुळेच.

आपल्या काळ्या मातीतलं पाणी पावसानंतर इतकं ढवळतं की डोळा निम्मा बाद होतो. तेव्हा कामाला येते माशाच्या दोन्ही बगलांवरून जाणारी पार्श्वरेषा. पाण्याची बारीक हालचाल ती टिपते, पण फार तर अंगाच्या एक-दोन लांबीइतक्या अंतरावरून. म्हणून गढूळ पाण्यात थरथरणारी शेपटी असलेलं आमिष घ्यावं आणि गवताच्या कडेला अगदी लागून टाकावं.

हे वाचून कुणाच्या डोक्यात तळ्यात बासच आणून सोडायचं येईल, तर तसं करू नये. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत बास आहे आणि त्याच यादीत मोझांबिकची चिलापीही (तिलापिया मासा) आहे. चिलापी काय करते ते उजनीच्या मच्छिमारांना विचारा. मोठ्या तलावांवर मासेमारीचा ठेका असतो, तेव्हा तिथे गळ टाकण्याआधी परवानगी विचारावी.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा तरंगताना दिसला, की खाली मरळीची जोडी राखण करत असते. त्या वेळी जवळ आलेल्या कशावरही ती तुटून पडते. तो हल्ला भुकेचा नसतो, त्यावरून आमिषाबद्दल काही कळत नाही, आणि राखणदार गेला की ती पिल्लं बगळ्यांच्या, इतर माशांच्या तोंडी जातात.