गच्चीवरची चार माणसे

घराच्या गच्चीवर तीन किलोवॉटचे सोलर बसवायचे काम म्हणजे साधारण दोन दिवसांचा मामला. टेम्पोतून सहा पॅनेल, जस्ताचा मुलामा दिलेले पाइप, केबलची भेंडोळी आणि अर्थिंगचे साहित्य उतरते. सोबत चार माणसे. एक वायरमन, एक फिटिंगवाला, दोघे पडेल ते काम करणारे. प्रत्येक पॅनेल अठ्ठावीस किलोच्या आसपास आणि दाराहून उंच. जिन्यात वळले नाही तर दोर बांधून बाहेरूनच वर ओढतात. मध्येच वारा आला की त्या काचेचे शीड होते. या चौघांच्या जिवाची काळजी नेमकी कोणी घ्यायची, याचे उत्तर शोधायला बसले की बरेच मागे जावे लागते.

सुरुवात निरुपद्रवी होती. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला १९८२ मध्ये सौर ऊर्जा केंद्र उभे राहिले, तेव्हा सूर्यावरची वीज म्हणजे वीज न पोहोचलेल्या गावातला दिवा. ३७ वॉटचे एक पॅनेल, बारा व्होल्टची बॅटरी, दोन दिवे, एवढाच पसारा. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने फारसे न शिकलेल्या बायकांना हे दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या सेल्को या कंपनीने कर्नाटकातल्या खेड्यांत तेच काम धंदा म्हणून केले. दोन्हीकडचे प्रशिक्षण हाताला वळण लावणारे होते: कोणती वायर कुठे, बॅटरीत पाणी केव्हा घालायचे, आम्ल अंगावर उडू नये म्हणून काय करायचे. विजेच्या झटक्याचा धडा त्यात मोठा असायचे कारणच नव्हते. कोरड्या हाताला बारा व्होल्टचा स्पर्श जाणवतही नाही.

११ जानेवारी २०१० ला राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. २०१५ मध्ये त्याचे उद्दिष्ट २० गिगावॉटवरून १०० वर नेले गेले आणि त्यातले ४० गिगावॉट छतांवर उभारायचे ठरले. त्याच वर्षी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे, म्हणजे गच्चीवरची जादा वीज वीज कंपनीला देऊन ती बिलातून वळती करून घेण्याचे नियम काढले. पॅनेल आता वीज नसलेल्या घरावरून वीज असलेल्या घरावर आले, बॅटरी गेली, तिच्या जागी ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर आला. या बदलाची चर्चा बिलाच्या अंगाने भरपूर झाली. काम करणाऱ्याच्या अंगाने तो केवढा मोठा होता, हे मात्र फारसे कोणी बोलले नाही.

सहा पॅनेल एकापुढे एक जोडली की प्रत्येकाचे पन्नासेक व्होल्ट मिळून तीनशेच्या घरात जातात, आणि हा प्रवाह डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा असतो. आपला वायरमन एसीत, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या घरगुती विजेत वाढलेला. त्याच्या गुरूने त्याला पहिला मंत्र दिलेला असतो: मेन बंद कर, टेस्टर लाव, मग हात घाल. पॅनेलला मेन नाही. खालचा स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर वरची तार जिवंतच. दुसरे म्हणजे, एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगी पडली तरी ती विझायला वाव असतो. डीसीची ठिणगी एकदा धरली की जळत राहते. चालू भार असताना कनेक्टर, म्हणजे दोन तारा जोडणारा सांधा, ओढून काढला तर दोन टोकांमध्ये निळी ज्योत उभी राहू शकते. आणि कनेक्टर नीट दाबला नसेल, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसवले असतील, तर लगेच काहीच होत नाही. सांधा तापत राहतो आणि कधीतरी एखाद्या मे महिन्यात पेट घेतो. तोवर बसवणारा दुसऱ्याच गावात काम करत असतो. म्हणजे जुन्या शिकवणीवर नवी भर घालून भागणारे नव्हते, तिच्यातला काही भाग उलटा शिकवावा लागणार होता.

सूर्यमित्र हा कार्यक्रम याच सुमारास, २०१५ मध्ये आला. ग्वाल पहाडीच्या केंद्राचे तोवर राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेत रूपांतर झाले होते. तिच्याकडे हे काम आले. आयटीआय झालेल्या मुलांना सहाशे तासांचे, म्हणजे तीनेक महिन्यांचे निवासी प्रशिक्षण, तेही फुकट. पाच वर्षांत पन्नास हजार सूर्यमित्र घडवायचे होते. हरित रोजगारांसाठीची कौशल्य परिषदही त्याच वर्षी स्थापन झाली आणि सौर पॅनेल बसवणाऱ्याच्या कामाचे राष्ट्रीय मानक तयार झाले. त्यात वैयक्तिक सुरक्षेचा स्वतंत्र भाग आहे. कागदावर मांडणी चांगली आहे, हे मान्य करायला हवे. पण कार्यक्रमाचा हेतू रोजगाराचा होता आणि त्याचे यश किती मुले बाहेर पडली यावर मोजले गेले. घरावर पॅनेल चढवणारा प्रत्येक जण सूर्यमित्रच हवा, असे बंधन त्यातून आले नाही. मुलगा प्रमाणपत्र घेऊन एखाद्या मोठ्या सौर प्रकल्पात लागतो. घराच्या गच्चीवर मात्र कालपर्यंत पत्रे बसवणारा किंवा डिश अँटेना लावणारा उभा असतो.

कायद्याची बाजू पाहिली तर दोन वाटा दिसतात आणि दोन्ही गच्चीच्या कठड्याशी येऊन थांबतात. पहिली विजेची. परवानाधारक ठेकेदार आणि परवाना असलेला तारतंत्री यांच्याशिवाय जोडणीचे काम करू नये, ही शिस्त १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून चालत आली. २०१० आणि २०२३ च्या केंद्रीय नियमांनी ती पुढे नेली. ग्रीडचा पुरवठा गेला की इन्व्हर्टरने आपोआप बंद व्हायचे, ही अटही त्याच घराण्यातली. ती महत्त्वाचीच आहे, कारण खांबावर चढलेल्या लाइनमनच्या अंगावर कोणाच्या तरी गच्चीवरची वीज उलटी येऊ नये. पण या वाटेवर विचार होतो तो विजेचा. माणूस पडू शकतो, हा तिचा विषय नाही.

दुसरी वाट बांधकामाची. १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा उंचीवरच्या कामाबद्दल बोलतो, पण तो दहा किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या आस्थापनांना लागू होता. स्वतःच्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम करून घेणारा मालकही त्यातून वगळलेला होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, दहाचा आकडा तसाच ठेवला आणि घरकामाची मर्यादा पन्नास लाखांवर नेली. राज्य कामगार विमाही सामान्यतः दहा माणसांपासून सुरू होतो. हा आकडा कोणी दुष्टपणाने ठरवला असे नाही. प्रत्येक दुकानात आणि झोपडीत निरीक्षक पाठवता येत नाही, एवढाच त्यामागचा व्यवहार. पण घरगुती सोलरचा धंदाच असा की चार माणसांचे टोळके, आज सांगलीत, परवा मिरजेत. दहाच्या आकड्याखालून ते सहज निसटते.

आधार म्हणून कामगाराच्या हाती येऊ शकेल अशी एक गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत सौर पॅनेलसारखी ऊर्जाक्षम उपकरणे बसवण्याचे काम येते. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला असेल तर नोंदणी होते. अडचण दाखल्याचीच. नव्वद दिवस एका मालकाकडे भरतील तर ते टोळके कसले.

मग गर्दी झाली. छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या योजनेच्या २०१९ च्या दुसऱ्या टप्प्यात वीज कंपन्यांच्या निविदा सर्वांत कमी दराला जात. दर खाली आला की आधी कात्री लागते ती ग्राहकाला न दिसणाऱ्या गोष्टींना, आणि हार्नेस, म्हणजे पडताना माणसाला धरून ठेवणारा अंगावरचा पट्टा, ग्राहकाला दिसत नाही. १३ फेब्रुवारी २०२४ ला पीएम सूर्यघर योजना आली: एक कोटी घरे, ७५,०२१ कोटी रुपये, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास लागणार नाही, हेही त्याच महिन्यात ठरले. मार्च २०२५ पर्यंत दहा लाख घरे झाली. विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करायची अशी अट आहे. ती ग्राहकाच्या हिताचीच. पण तिचा अर्थ त्याच छतावर पुन्हा पुन्हा चढणे असाही होतो. धूळ पुसायला बादली घेऊन चढणारी घरची माणसे तर कोणत्याच अभ्यासक्रमात नाहीत.

सरकारी अनुदान आणि घाई एकत्र आली की काय होते, याचा एक दाखला ऑस्ट्रेलियाचा आहे, सोलरचा नसला तरी अगदी जवळचा. २००९ मध्ये तिथे घरांच्या छपराखाली उष्णतारोधक थर बसवण्याची सरकारी योजना आली. दहा लाखांहून अधिक घरे झाली, रातोरात नव्या कंपन्या उगवल्या, आणि चार तरुण कामगार गेले: तिघे विजेच्या धक्क्याने, एक छपराखालच्या उष्णतेने. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद झाली आणि २०१४ मध्ये शाही आयोगाने सरकारलाच खडे बोल सुनावले. आयोगाची चौकशी मुख्यतः याभोवती फिरली, की जोखीम माहीत असताना प्रशिक्षणाची अट ढिली का ठेवली.

आपल्याकडे मालाची तपासणी आधी आली. २०१७ च्या आदेशाने पॅनेल आणि इन्व्हर्टरना भारतीय मानकाची नोंदणी सक्तीची केली. हार्नेसलाही आयएस ३५२१ हे मानक आहे. पण महाराष्ट्रातल्या शहरांत एक वेगळीच पद्धत रुजली. गच्चीवर वाळवण घालायला, लग्नाचा मांडव टाकायला जागा राहावी म्हणून स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेलखालचा पाइपांचा सांगाडा, सात-आठ फूट उंच उचलतात. ग्राहकाची मागणी रास्त आहे. मात्र त्या उंचीवर उभ्या माणसाला कमरेइतका कठडा काही कामाचा उरत नाही. त्याने हार्नेस घातला, तरी दोरीचा हूक अडकवायला आपल्या घरांच्या नकाशात जागाच नसते. मग तो पाण्याच्या टाकीच्या पाइपला अडकवला जातो, किंवा अर्धवट उभ्या असलेल्या त्याच स्ट्रक्चरला.