नीतिमान ठरणं आणि पवित्र होत जाणं

ख्रिस्ती शिकवणीतल्या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते: देवापुढे नीतिमान ठरणं आणि त्यानंतर माणूस बदलत जाणं. दुसरीला पवित्रीकरण म्हणतात. नवापूरकडच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की कानावर येतं, "दारू सोडली, भांडणं सोडली, तवा देवानं जवळ केलं." भावना खरी आहे, क्रम मात्र उलटा. बायबलच्या नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या पौलाच्या लेखी जवळ करणं आधी, दारू सुटणं नंतर.

रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो थेट मजुरीचाच हिशेब मांडतो. रावेरकडे दिवसभर केळीचे घड वाहणाऱ्याच्या हातावर संध्याकाळी रोज पडतो, तेव्हा मालकाने उपकार केले असं कोण म्हणेल? ते त्याचं घेणंच होतं. नीतिमत्त्व असं कमावता येत नाही. अधर्मी माणसाला नीतिमान ठरवणाऱ्या देवावर जो विश्वास ठेवतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. अधर्मी माणसाला! इथे खरं तर दचकायला हवं, पण आपण सवयीनं पुढे वाचत जातो. आणि विश्वास म्हणजे पुण्याचा नवा प्रकार नव्हे. मोल ख्रिस्ताने जे केलं त्याचं आहे.

यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचा विश्वास नीतिमत्त्व गणला गेला तो बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात, 15:6 मध्ये. सुंतेची आज्ञा येते 17 व्या अध्यायात. आधी नीतिमान ठरणं, मग सुंता: पौल नेमकं यावरच बोट ठेवतो.

पवित्रीकरण मात्र आयुष्यभर चालतं. त्यात धडपड आहे, घसरणंही आहे. इफिसकरांस पत्रात 2:8-9 कर्मांचा अभिमान मोडून काढतं, आणि लगेच दहावं वचन सांगतं की आपण सत्कृत्यांसाठीच निर्माण झालो. बरेच जण नवव्यावरच थांबतात.

मग नव्या करारातलाच दुसरा पत्रलेखक याकोब आपल्या पत्रात 2:24 मध्ये माणूस "नुसत्या विश्वासाने नव्हे" नीतिमान ठरतो असं का म्हणतो? तोही अब्राहामाचाच दाखला देतो, पण इसहाकाच्या अर्पणाचा, म्हणजे उत्पत्ती 22 मधला, कितीतरी वर्षांनंतरचा. त्याचा रोख तोंडदेखल्या विश्वासावर आहे, पौलाचा कमाईच्या घमेंडीवर.

ही अशी स्पष्ट फारकत प्रोटेस्टंटांची. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1547 मध्ये नीतिमान ठरण्यातच अंतःकरणाचं नवीकरण धरलं, सुरुवात कृपेनेच होते हे मान्य करून. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गला लूथरन (प्रोटेस्टंटांचाच एक पंथ) आणि कॅथलिकांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या गुणांमुळे नव्हे, केवळ कृपेने. दोन्ही वेगळं धरायचं की एकत्र, यावरचा मतभेद त्यानेही पुरता मिटलेला नाही.