पार्श्वभूमी : विज्ञानकथेच्या पूर्वकथा मालिका आणि हिशेब मागणारा प्रेक्षक

गाजलेल्या विज्ञानमालिकेच्या आधीच्या काळात घडणारी नवी मालिका काढण्याचा प्रकार आता ओटीटीवर चांगलाच रुळला आहे. अशी प्रत्येक मालिका आली, की आठवडाभरात प्रेक्षकांची एक ठरलेली तक्रार कानावर येते : हे आधी दाखवलेल्याशी जुळत नाही. कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांतून मोबाइलवर या मालिका पाहणारी मुलेही हीच तक्रार करतात. तिला हेकटपणा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर या प्रेक्षकाला नवेपणाचे वावडे नसून त्याला चोख हिशेब हवा असतो, असेच दिसते.

शेवट आधीच ठाऊक असणे हे मुळात रसभंगाचे कारण नाही, हे कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडे निसटले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली, याचा शेवट माहीत नसलेला माणूस या जिल्ह्यात सापडायचा नाही. तरीही पोवाड्याला गर्दी होते आणि दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चिखल तुडवत जाणाऱ्यांची रांग लागते. शाहिराने मात्र ऐनवेळी बाजीप्रभूंना खिंडीतून जिवंत परत आणले, तर तोच श्रोता पोवाडा मध्येच थांबवील. पूर्वकथेच्या प्रेक्षकाचा रागही याच जातीचा आहे.

विज्ञानकथेचा प्रेक्षक आपल्याकडे काही अचानक उगवलेला नाही. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणारे डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ मध्ये कोल्हापुरातच झाला. १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत चाललेली मूळ ‘स्टार ट्रेक’ आपल्याकडे १९८०च्या दशकात दूरदर्शनवर दिसली आणि पुढे १९९०च्या दशकात उपग्रह वाहिन्यांनी तिच्या पुढच्या पिढीची मालिका घराघरांत आणली. म्हणजे वसतिगृहातल्या आजच्या मुलांच्या वडिलांनाही टोकदार कानांचा स्पॉक ओळखीचा आहे.

या वादाची पहिली मोठी ठिणगी मोठ्या पडद्यावर पडली. १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’ची पूर्वकथा सांगणारा चित्रपट आला आणि त्यात ‘फोर्स’ या गूढ शक्तीचा संबंध रक्तातल्या सूक्ष्म जीवांशी जोडला गेला. जे श्रद्धेने स्वीकारले होते, ते प्रयोगशाळेत मोजायला लावले, असे जुन्या चाहत्यांना वाटले आणि ते चिडले.

टीव्हीवरचा खरा धडा मात्र ‘स्टार ट्रेक’च्या आधीचा काळ दाखवणाऱ्या ‘एंटरप्राइझ’ या मालिकेने घालून दिला. रिक बर्मन आणि ब्रॅनन ब्रागा यांची ही मालिका २६ सप्टेंबर २००१ रोजी सुरू झाली. तिचा काळ मूळ मालिकेच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा, म्हणजे इ.स. २१५१ पासूनचा होता. पहिला भाग अमेरिकेत सुमारे सव्वा कोटी लोकांनी पाहिला. चौथ्या वर्षी ही संख्या तीस लाखांच्या आसपास घसरली होती. सुरुवातीला तर नावात ‘स्टार ट्रेक’ हे शब्दही नव्हते. ते तिसऱ्या सीझनमध्ये जोडले गेले. वाद्यसंगीताऐवजी शीर्षकाला गाणे घातले, यावरूनच चाहत्यांनी विरोधाच्या सह्या गोळा केल्या. आज हे हास्यास्पद वाटते, पण त्यामागची भावना अगदीच पोकळ नव्हती : मालिका आपले घराणे लपवते आहे आणि त्याच घराण्याच्या पुण्याईवर प्रेक्षकही मागते आहे, असा तो आक्षेप होता.

त्याहून गंभीर तक्रारी कथानकाविषयी होत्या. पुढच्या काळातल्या मालिकांनी ज्यांची ओळख नव्याने होताना दाखवली होती, ते फेरेंगी आणि बोर्ग हे परग्रहवासी इथे शे-दोनशे वर्षे आधीच हजर झाले. त्यांची नावे न उच्चारण्याची पळवाट लेखकांनी काढली, ती कोणालाच पटली नाही.

पण याच मालिकेने प्रेक्षकाचे देणे फेडूनही दाखवले आणि त्यासाठी क्लिंगॉन लोकांच्या कपाळाची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. १९६६च्या मालिकेत बजेट तुटपुंजे असल्याने हे परग्रहवासी सपाट कपाळाचे, जवळजवळ माणसांसारखेच होते. १९७९ च्या चित्रपटात हाताशी पैसा आला आणि त्यांच्या कपाळावर हाडांच्या उंच वळ्या उगवल्या. मेकअपमधल्या या फरकाचे कथेत काहीच कारण नव्हते. १९९६ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्याच एका मालिकेने जुन्या भागातली दृश्ये नव्या भागात गुंफली, तेव्हा वळ्या असलेल्या क्लिंगॉन पात्राला सहकाऱ्यांनी हा प्रश्न विचारलाच. त्यावर ‘आम्ही बाहेरच्यांशी याविषयी बोलत नाही’ अशा अर्थाचे उत्तर देऊन लेखकांनी विषय विनोदावर नेला. ‘एंटरप्राइझ’च्या चौथ्या सीझनची सूत्रे मॅनी कोटो यांच्याकडे आल्यावर, २००५ मध्ये, सलग दोन भागांत याचे उत्तर आले : मानवी जनुकांवरच्या फसलेल्या प्रयोगातून एक साथ पसरली आणि तिच्यातून वाचलेल्यांच्या कपाळाच्या वळ्या गेल्या. मेकअपच्या खर्चातून निर्माण झालेली विसंगती पंचवीस वर्षांनी कथेचा भाग झाली. लेखकांच्या इतक्या चिवटपणाला दाद द्यायलाच हवी.

तोवर उशीर झाला होता. फेब्रुवारी २००५ मध्ये मालिका बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. १९६८ मध्ये चाहत्यांच्या पत्रांच्या वर्षावानंतर मूळ मालिकेला तिसरे वर्ष मिळाले होते. त्या आठवणीने या वेळी चाहत्यांनी थेट निर्मितीखर्चासाठी तीस लाख डॉलरांच्या घरात रकमेची आश्वासने जमवली. कंपनीने ती नाकारली. १३ मे २००५ रोजी दाखवलेला शेवटचा भाग तर चाहत्यांच्या जिव्हारी लागला, कारण ‘एंटरप्राइझ’ या अवकाशजहाजाची अखेर दुसऱ्याच मालिकेतले पात्र दोनशे वर्षांनंतर आभासी दृश्य म्हणून पाहते, अशी त्याची रचना होती. घरच्या लग्नात पाहुण्यानेच बोहल्यावर चढावे, तसा हा प्रकार झाला. ज्या सीझनने चाहत्यांचा विश्वास परत मिळवला, त्याचाच समारोप परक्या हाती गेला.

मध्यंतरी २०१० मध्ये ‘कॅप्रिका’ आली. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या ५८ वर्षे आधीची ही कथा अवकाशयुद्धाऐवजी दोन कुटुंबांभोवती फिरत होती. जुना प्रेक्षक युद्ध शोधत आला होता, नवा प्रेक्षक फारसा आलाच नाही आणि पहिल्याच सीझननंतर ती गुंडाळली गेली.

सप्टेंबर २०१७ मध्ये ‘स्टार ट्रेक’ची ‘डिस्कव्हरी’ ही मालिका आली, तेव्हा जुने वाद नव्या जोमाने उफाळले. काळ मूळ मालिकेच्या दहा वर्षे आधीचा, पण तंत्रज्ञान तिच्याहून पुढारलेले दिसत होते. क्लिंगॉन पूर्ण टकले झाले होते. आणि स्पॉकला अचानक मानवी मानलेली बहीण मिळाली होती, जिचा उल्लेख त्याने पन्नास वर्षांत कधी केला नव्हता. दुसऱ्या सीझनमध्ये क्लिंगॉनांचे केस परत आले आणि बहिणीचे नाव कोणी घ्यायचे नाही असा हुकूमच कथेत निघाला. शेवटी ते जहाज नऊशेहून अधिक वर्षे पुढच्या काळात पाठवण्यात आले. पूर्वकथेने पूर्वकथा असण्याचाच राजीनामा दिला, असे म्हणायला हरकत नाही.

कोल्हापुरातल्या प्रेक्षकाला मात्र याच मालिकेच्या बाबतीत वेगळाच अनुभव आला. भारतात ती नेटफ्लिक्सवर होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये, चौथा सीझन सुरू व्हायला जेमतेम दोन दिवस असताना, ती अमेरिकेबाहेरच्या बहुतेक देशांतून काढून घेतल्याचे जाहीर झाले. एवढी वर्षे विसंगतींवर भांडणारे सगळेच या वेळी एका सुरात ओरडले, कारण भांडायला मालिकाच उरली नव्हती.

दरम्यान ‘डिस्कव्हरी’च्या २०१९ च्या सीझनमध्ये अँसन माउंट यांनी साकारलेला कॅप्टन पाइक लोकांना इतका भावला, की त्याच्यावर स्वतंत्र मालिका काढण्याची मागणी झाली आणि मे २०२२ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ सुरू झाली. पाइकचा शेवट मूळ मालिकेत १९६६ पासून नोंदलेला आहे : किरणोत्साराने जळालेला, खुर्चीला खिळलेला, दिव्याच्या उघडझापीने फक्त हो किंवा नाही सांगू शकणारा माणूस. नव्या मालिकेने तो शेवट झाकला नाही. पाइकला स्वतःचे भविष्य आधीच दिसलेले आहे, आणि तो हसतमुखाने सहकाऱ्यांसाठी स्वयंपाक करत असतानाही प्रेक्षकाला ती खुर्ची आठवत राहते. मूळ मालिकेत १९६७ मध्ये प्रथमच भेटलेले गॉर्न हे परग्रहवासी इथे आधीच कसे आले, ही कुरकुर आहेच. पण ती प्रेमाची आहे.

‘स्टार वॉर्स’च्या ‘अँडॉर’ या मालिकेने हेच आणखी काटेकोरपणे केले. २०१६ च्या चित्रपटाच्या शेवटी मरणार हे ठाऊक असलेल्या माणसाची पाच वर्षे या मालिकेने २४ भागांत मांडली. २०२२ मध्ये तिची सुरुवात थंड होती. एकमेकांना सांगत सांगत प्रेक्षक वाढला आणि मे २०२५ मध्ये शेवटचा भाग संपला तो थेट त्या चित्रपटाच्या उंबरठ्यावर. अनेकांनी लगेच तो चित्रपट पुन्हा लावला.

‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’चा पाचवा सीझन शेवटचा आणि सहाच भागांचा असेल, असेही २०२५ मध्येच जाहीर झाले. त्यामुळे पाइकच्या हातून जहाज मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्ककडे कसे जाते आणि १९६६च्या पहिल्या भागाशी हा सांधा किती नेमका बसतो, याचे आडाखे चाहत्यांनी आतापासूनच बांधायला घेतले आहेत.