पांढऱ्या पेशींच्या आतला मांडव

इंदूरला पाऊस लागला की औषधांच्या दुकानांत काढ्याची पाकिटं पुढे येतात. परवा रामबागेत ओळखीच्या एका आजींनी असंच पाकीट दाखवून विचारलं, "काय हो, यानं पांढऱ्या पेशी भराभर वाढतात म्हणे?" मी म्हटलं, आजी, नुसत्या वाढून काय उपयोग? रक्ताच्या कर्करोगातही पांढऱ्या पेशी वाढतातच. प्रश्न मात्र मोलाचा होता: त्या वाढतात कशा?

शाळेत आपण पेशी काढतो ती पाण्याच्या पिशवीसारखी. खरं तर तिच्या आत ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांचा सांगाडा असतो. एक धागा जेमतेम ७ नॅनोमीटर जाड, केसाच्या साधारण दहा हजारावा हिस्सा. हा सांगाडा हाडांसारखा कायमचा नसतो. गणपतीच्या मांडवाच्या बांबूंसारखा तो हवा तिथे उभा राहतो, काम झालं की सुटतो आणि तेच बांबू दुसरीकडे लागतात.

हा मांडव घालायला सांगणारं प्रथिन म्हणजे 'वास्प'. एरवी ते स्वतःचीच शेपटी पोटाशी दुमडून निपचित असतं. टी-पेशीला, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकाराला, जंतूचा तुकडा दाखवणारी पेशी भेटली की आतलं सीडीसी-४२ हे छोटं प्रथिन वास्पला येऊन चिकटतं. घडी उलगडते. मोकळी झालेली शेपटी एआरपी-२/३ नावाच्या प्रथिनसमूहाला कामाला लावते. तो जुन्या धाग्यावर बसतो आणि तिथून सुमारे ७० अंशांच्या कोनात नवा धागा फुटतो. त्या फांदीला पुन्हा फांदी. मला तर हे पिंपळासारखं दिसतं! या जाळ्यामुळे दोन पेशींची मिठी टिकते, संदेश केंद्रकापर्यंत नीट पोचतो आणि टी-पेशी विभागू लागते.

वास्प नसेल तर? १९३७ साली म्युनिकच्या अल्फ्रेड विस्कॉट यांनी तीन भावांची नोंद केली: रक्तस्राव, इसब, सारखे फुटणारे कान. बहिणी ठणठणीत. दोष एक्स गुणसूत्रावरचा. वास्पचं जनुक सापडलं १९९४ मध्ये. अशा मुलांच्या टी-पेशींना ग्राहकावाटे, म्हणजे संदेश टिपणाऱ्या पृष्ठभागावरच्या प्रथिनावाटे, डिवचलं तरी त्या मंदपणेच वाढतात.

मग वास्प सतत उघडं राहिलं तर पेशी दुप्पट वाढतील? असेही रुग्ण आहेत, २००१ पासून माहीत असलेले. त्यांच्या पेशींत धागे नको तिथे माजतात, गुणसूत्रं वाटून घेण्याच्या वेळी आड येतात. पेशी दोन होता होता अडकते, पुष्कळदा मरते. या मुलांच्या रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमीच भरतात.