परदेशात कंपनी टाकायचीय? आधी देश तपासा मग फॉर्म भरा : पात्रता, कागदपत्रं आणि कोणतं काम कधी

वसमतची हळद, जालन्याचं बियाणं, वाळूजचे सुटे भाग, लातूरची डाळ, असं काय काय बाहेर पाठवणारे आपल्या मराठवाड्यात आता बरेच झालेत, आणि चार कंटेनर नीट पोचले की पुढचा विचार डोक्यात येतोच, की तिथंच एक कंपनी टाकावी, छोटं गोडाऊन घ्यावं, मधल्याचं कमिशन वाचवावं. विचार चांगलाय. पण बहुतेक जण पहिल्यांदा लायसन्स काढून देणाऱ्या कन्सल्टंटकडं जातेत आणि देश कसाय हे शेवटी बघतेत, ते उलटं करा. इथं उदाहरण हळद आणि दुबईचं घेतलंय, कारण आपल्याकडून जास्त चौकशी तिकडचीच असते.

आधी ते रँकिंगचं बघू. अजूनही काही कन्सल्टंट 'ईज ऑफ डुइंग बिझनेस'चा, म्हणजे कोणत्या देशात धंदा करणं किती सोपं याचा, नंबर दाखवायलेत. तो वर्ल्ड बँकेचा रिपोर्ट सप्टेंबर २०२१ मध्ये बंद झाला, २०१८ आणि २०२० च्या आकड्यांत गडबड सापडली म्हणून. शेवटचा २०२० चा होता, त्यात भारत ६३ वा. म्हणजे कोणी तो नंबर दाखवला तर तो जुना आणि वादातला हे लक्षात ठेवा. त्याच्या जागी आता बी-रेडी नावाचा रिपोर्ट आलाय, पहिला ऑक्टोबर २०२४ चा, त्यात ५० देश होते. त्यात कायदा कागदावर कसाय, सरकारी सेवा कशायत आणि प्रत्यक्षात काम किती सुरळीत होतं असं वेगवेगळं दिलंय, म्हणून तो वाचण्यासारखा आहे. तुमचा देश त्यात असंल तर एकूण मार्क बघू नका, कर, परदेशी व्यापार, वाद मिटवणं आणि दिवाळखोरी एवढेच भाग वाचा.

पण माझ्या मते छोट्या माणसाला रँकिंगपेक्षा इसीजीसी जास्त कामाची. ही निर्यातीच्या पैशाचा विमा करणारी केंद्र सरकारची कंपनी. ती प्रत्येक देशाला ए-१ पासून डी पर्यंत सात गटांत टाकते आणि काही देशांना कव्हर देताना हात आखडता घेते. जिथं विमा कंपनीच बिचकायली तिथं आपण गोडाऊन कामून घ्यायचं? आणि देश चांगला असला म्हणून गिऱ्हाईक चांगलं असतंच असं नाही, त्यामुळं पॉलिसी घेताना त्या खरेदीदाराची क्रेडिट लिमिटही, म्हणजे त्याच्या किती उधारीला विमा मिळंल ती मर्यादा, मागून घ्या. लिमिट मागितली तेवढी मिळाली नाही तर तीही माहितीच झाली.

मग तुमच्या मालाचा नियम. दुबईत खाण्याच्या वस्तूचं लेबल आधी तिथल्या म्युनिसिपालिटीकडं नोंदवावं लागतं आणि लेबलवर अरबी मजकूर लागतो, त्यामुळं इथं छापून ठेवलेले पाऊच तसेच पाठवता येत नाहीत. यूएई (दुबई ज्यात येतं तो देश) सोबत आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, पण कस्टम ड्युटीची सवलत आपोआप मिळत नाही, त्याच कराराखालचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातलाच असल्याचा दाखला, डीजीएफटीच्या (केंद्राचं परदेशी व्यापार खातं) पोर्टलवरून काढावं लागतं. कर म्हणाल तर जून २०२३ पासून तिथं ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स आलाय, ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वरच्या नफ्यावर. तरी 'दुबईत टॅक्सच नाही' म्हणणारे अजून भेटतेत.

फ्री झोन (परदेशी कंपन्यांसाठी वेगळे नियम असलेला खास भाग) की मेनलँड (बाकीचं शहर) हा प्रश्न त्याच्यानंतर. २०२१ पासून मेनलँडमध्येही बहुतेक धंद्यांत १०० टक्के मालकी परदेशी माणसाची चालते, आधी स्थानिक भागीदार लागायचा. फ्री झोन स्वस्त वाटतं पण तिथून शहरातल्या किराणा दुकानाला थेट माल विकायला वेगळी परवानगी नाहीतर डिस्ट्रिब्युटर लागतो, म्हणजे ज्या कमिशनसाठी गेलो ते परत आलंच की. आणि एक प्रश्न कन्सल्टंटला नक्की विचारा : कंपनी बंद करायला काय लागतं? उघडायचं पॅकेज सगळे देतेत. बंद करताना व्हिसा रद्द करणं, बँक खातं बंद, लिक्विडेटरचा (कंपनीचा हिशोब मिटवणारा माणूस) रिपोर्ट, मग लायसन्स रद्द, एवढं सगळं असतं, आणि यातलं काही न करता नुसतं सोडून दिलं तर दंड चढत राहतो. याचा खर्च लेखी घ्या.

आता आपल्या बाजूचे कागद. निर्यात करत असाल तर आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) असंलच, फी ५०० रुपये, पॅनवर ऑनलाइन मिळतो. पण तो दरवर्षी एप्रिल ते जून मध्ये अपडेट करावा लागतो, काही बदललं नसलं तरी, नाहीतर कोड बंद पडतो आणि ते कळतं कंटेनर भरल्यावर. हळदीला स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी आणि एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षेचं) लायसन्स पण पाहिजे.

बाहेर कंपनी टाकायला पैसे पाठवणं म्हणजे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट, त्याचे नियम २२ ऑगस्ट २०२२ चे. कंपनी, एलएलपी किंवा नोंदणी झालेली भागीदारी फर्म असंल तर शेवटच्या ऑडिटेड ताळेबंदातल्या नेट वर्थच्या (देणी वजा करून उरलेलं स्वतःचं भांडवल) ४०० टक्क्यांपर्यंत रिझर्व्ह बँकेला न विचारता बँकेमार्फतच होतं. म्हणजे नेट वर्थ ५० लाख असंल तर २ कोटी. पण आपल्याकडचे अर्धे व्यापारी प्रोप्रायटर असतेत. त्यांना हे लागू नाही, त्यांनी वैयक्तिक नावानं एलआरएस (माणसानं स्वतःच्या नावावर बाहेर पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) मधून जायचं, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर) कापला जातो. तो रिटर्नमध्ये ॲडजस्ट होतो पण तोवर पैसा अडकतो. म्हणून आधी फर्म नोंदवून घ्यायची का हे सीएला विचारा.

हे पैसे पाठवायला बँकेत द्यायच्या फॉर्मचं नाव एफसी. तालुक्याच्या शाखेत हे नाव काढलं की साहेब आपल्याकडंच बघतेत, त्यांचा दोष नाही, फॉरेक्सचं काम ठराविक शाखांतच चालतं, त्यामुळं तुमच्या बँकेची नांदेड किंवा संभाजीनगरची कोणती शाखा करते हे आधीच फोन करून विचारा. सोबत बोर्डाचा किंवा भागीदारांचा ठराव, ऑडिटेड ताळेबंद, ऑडिटरचं सर्टिफिकेट, पॅन, आणि शेअरची किंमत कशी ठरवली त्याचा कागद. बँक रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन, म्हणजे तुमच्या तिकडच्या कंपनीचा ओळख नंबर, घेते. हा नंबर आल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही, हवाल्यानं तर नाहीच. कर्जाचं खातं एनपीए (थकीत) असंल तर त्या बँकेची एनओसी (हरकत नसल्याचा दाखला) लागते, अर्जानंतर ६० दिवसांत काही उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरतेत. दुबईत फ्लॅट-प्लॉट घेऊन विकायचा धंदा मात्र या नियमात बसत नाही, कितीही चांगली स्कीम असली तरी.

यूएई साठी इथल्या कंपनीच्या कागदांचं अटेस्टेशन वेगळं लागतं, तो देश अपोस्टिल करारात (एकाच शिक्क्यावर कागद मान्य करायचा देशांमधला करार) नाही. चेंबर ऑफ कॉमर्स, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास, असा रस्ता. याला वेळ जातो, आणि पॅन, जीएसटी आणि ठरावावरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी कागद परत येतो, म्हणून स्पेलिंग आधीच एकसारखं करून ठेवा.

पैसे गेल्यावर सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट बँकेत द्यायचं, १५ जुलैपर्यंत एफएलए रिटर्न (बाहेरच्या देण्या-मालमत्तेची रिझर्व्ह बँकेला द्यायची माहिती) आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर (तिकडच्या कंपनीचा वार्षिक अहवाल). तिकडची कंपनी तोट्यात असली, नुसती बसलेली असली तरी एपीआर भरायचाच, थकला तर पुढचे पैसे बँक सोडत नाही.