दीना व्हिएर्नी

व्हिएर्नी, दीना : (२५ जानेवारी १९१९ – २० जानेवारी २००९). पॅरिसमधील कलादालनचालक, कलासंग्राहक आणि माय्योल संग्रहालयाच्या संस्थापक. तरुणपणी काही फ्रेंच चित्रपटांत छोट्या भूमिका आणि शिल्पकार आरिस्तीद माय्योल यांच्या अखेरच्या दहा वर्षांतील मॉडेल, ही त्यांची आधीची ओळख. कलेवरच्या पुस्तकांतून बहुधा ‘माय्योलची प्रेरणा’ एवढाच त्यांचा उल्लेख येतो. तो अपुरा आहे आणि त्यांच्यावर अन्याय करणारा आहे.

बेसारेबियातील किशिनेव्ह (आताचे किशिनाऊ, मोल्दोव्हा) येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ आडनाव आयबिंदर. वडील पियानोवादक. दीना लहान असतानाच कुटुंब फ्रान्सला आले. पॅरिसमध्ये कवी झाक प्रेव्हेर व त्यांचे चित्रपट-दिग्दर्शक बंधू पिएर यांच्या आणि डाव्या विचारांच्या ‘ऑक्टोबर’ नाट्यगटाच्या मंडळींत त्या वावरल्या. पुढे नामवंत छायालेखक झालेले साशा व्हिएर्नी हे त्यांचे पहिले पती. लग्न टिकले नाही, आडनाव मात्र कायम राहिले.

पंधरा वर्षांच्या असताना एका वास्तुविशारद परिचितामुळे त्यांची माय्योल यांच्याशी भेट झाली. माय्योल तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. तुम्ही माझ्या शिल्पासारख्या किंवा रेन्वारच्या चित्रासारख्या दिसता असे ऐकले, रेन्वारवरही माझे समाधान होईल, अशा अर्थाचे पत्र त्यांनी या शाळकरी मुलीला पाठवले होते. दीना सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासमोर बसत आणि बसल्या बसल्या अभ्यासही करत. ‘पर्वत’, ‘हवा’, ‘नदी’ आणि अपुरे राहिलेले ‘सुसंवाद’ ही शिल्पे या बैठकांतून घडली. ‘नदी’मधली स्त्री चौथऱ्यावर स्थिर बसलेली नाही. ती कलंडली आहे आणि तिचे डोके काठाखाली गेले आहे. आयुष्यभर शांत, भारदस्त आकृती घडवणाऱ्या शिल्पकाराच्या हातून उतारवयात अशी घसरती, धडपडती आकृती उतरली, याचे श्रेय समोर बसणाऱ्या त्या मुलीच्या सळसळत्या स्वभावालाही द्यावे लागते.

१९४० मध्ये जर्मनीपुढे फ्रान्स पडल्यावर त्या स्पेनच्या सीमेजवळच्या बान्यूल्स या माय्योल यांच्या गावी होत्या. मार्सेमध्ये अमेरिकन पत्रकार व्हेरियन फ्राय निर्वासितांना बाहेर काढण्याचे काम करत होते. दीना त्या कामात सामील झाल्या आणि जर्मनांच्या तावडीतून निसटू पाहणाऱ्या माणसांना रात्री पिरेनीज पर्वत ओलांडून नेऊ लागल्या. अनोळखी लोकांना वाटाड्या ओळखता यावा म्हणून त्या लाल पोशाख घालत. डोंगरातल्या आडवाटा त्यांना खुद्द माय्योल यांनी दाखवल्या होत्या. पोलिसांनी पकडल्यावर माय्योल यांनीच वकील दिला, त्या सुटल्या. मग जवळपास राहू नये म्हणून त्यांनी दीनांना नीसला चित्रकार आंरी मातीस यांच्याकडे धाडले. मातीस आणि पिएर बोन्नार या दोघा चित्रकारांनीही त्यांना समोर बसवून काम केले.

१९४३ मध्ये पॅरिसमध्ये गेस्टापोने (नाझी गुप्त पोलिसांनी) त्यांना अटक केली. सुमारे सहा महिने त्या पॅरिसजवळच्या फ्रेनच्या तुरुंगात होत्या. सुटका झाली ती आर्नो ब्रेकर यांच्या मध्यस्थीने. ब्रेकर हे हिटलरच्या मर्जीतले शिल्पकार आणि माय्योल यांचे चाहते. ज्या ओळखीमुळे माय्योल यांच्या नावाला पुढे डाग लागला, तीच ओळख इथे एक जीव वाचवून गेली. हा तिढा सोडवून दाखवता येत नाही. दीनांचे वडील मात्र आउशवित्झहून परतले नाहीत.

सप्टेंबर १९४४ मध्ये मोटार अपघातानंतर माय्योल वारले. त्यांच्या कामाची जपणूक दीनांनी आपली मानली. मातीस यांनी पाठबळ दिले आणि १९४७ मध्ये सें-जेर्मेन-दे-प्रे भागातील र्‍यू झाकोब या रस्त्यावर त्यांनी स्वतःचे कलादालन उघडले. इथे माय्योल होतेच. शिवाय बोशां, बोंब्वा, व्हिव्हँ यांसारखे कलाशाळेबाहेर घडलेले चित्रकार होते आणि अमूर्त चित्रे काढणारे सेर्ज पोल्याकोफ होते. एका शैलीचे दालन म्हणून नाव कमवावे, असा हिशेब त्यांनी केला नाही.

त्यांची नजर किती दूरवर जाई, हे सोव्हिएत चित्रकारांच्या बाबतीत दिसले. मॉस्कोत अधिकृत संघटनेबाहेर, घरातल्या घरात काम करणाऱ्या एरिक बुलातोव्ह, इल्या काबाकोव्ह, व्लादिमीर यांकिलेव्हस्की यांची चित्रे त्यांनी हेरली आणि १९७३ मध्ये पॅरिसला मांडली. या चित्रकारांचे जगभर नाव होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. सोव्हिएत संघातल्या प्रवासांत सैबेरियाच्या छावण्यांतल्या कैद्यांची गाणी त्यांनी तोंडपाठ केली. लिहून नेणे धोक्याचे होते. परतल्यावर स्वतःच्या आवाजात त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. जाड, अनघड, रशियन शब्दांवर ठेचत जाणारा तो आवाज ऐकण्याजोगा आहे.

१९६४ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या काळात त्यांनी माय्योल यांची शिल्पे फ्रान्सला भेट दिली. लुव्ह्र संग्रहालयासमोरच्या तुइलरी-कारुझेल बागेत ती आजही उघड्यावर आहेत, मुले त्यांच्या पायाशी खेळतात. संग्रहालयाचा मार्ग लांबचा होता. र्‍यू द ग्रनेलवरील जुनी इमारत त्यांनी एकेक घर विकत घेत ताब्यात आणली. एके काळी तिथे प्रेव्हेर मंडळींचे कॅबरे होते. जुन्या बाहुल्यांचा आवडता संग्रहही त्यांना विकावा लागला. जानेवारी १९९५ मध्ये माय्योल संग्रहालय खुले झाले. बान्यूल्समधल्या माय्योल यांच्या शेतघराचेही त्यांनी संग्रहालय केले. शिल्पकाराची समाधी तिथेच आहे.

नव्वदावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. संग्रहालयाचे काम पुढे त्यांच्या दोन मुलांनी पाहिले.